अनोळखी आजोबांचा कोट

महाराष्ट्रीय मध्यमवर्गीय घरात वस्त्राचे आगमन जितक्या समारंभाने होत असे, तितक्याच शिस्तीने पुढे त्याची पदावनतीही होत असे. आणि या पदावनतीचा शिरस्ता कोणत्याही सरकारी दप्तरात नमूद नसला, तरी घरातील प्रत्येक गृहिणीला तो मुखोद्गत होता. दिवाळीला घेतलेले लुगडे प्रथम लग्नामुंजींच्या आघाडीवर रुजू होई. तेथे काही वर्षे इमानेइतबारे चाकरी बजावल्यावर त्याची बदली हळदीकुंकवाच्या खात्यात होई. मग ते घरात नेसायचे होई. आणि पदर विरू लागला म्हणजे त्याचे जुनेर होऊन ते बाळंतिणीच्या खोलीत दुपट्याच्या हुद्द्यावर जाई. पुढे धडक्या भागाची गोधडी, काठांचे पिशव्यांना बंद, उरलेल्याचे फडके आणि फडक्याचे पोतेरे, अशा पायऱ्या उतरत उतरत ते न्हाणीघराच्या उंबऱ्याशी सेवानिवृत्त होई. पुरुषांच्या कपड्यांनाही हीच नियमावली लागू होती. थोरल्याचा सदरा मधल्याला आणि मधल्याचा धाकट्याला मिळे, आणि वाटेत कॉलर झिजली तर शिंपी ती उसवून उलटी बसवून देई, म्हणजे त्या सदऱ्याला दुसरा जन्म आणि धाकट्याला नवा कपडा मिळाल्याचा आभास, अशी दुहेरी सोय होई.

या सर्व पायऱ्यांवरून जे निसटे, ते बोहारणीचे. घरातील कर्ती पुरुषमंडळी कचेरीत गेली आहेत याची बिनचूक खबर ठेवून ती दुपारच्या वेळी ओट्यावर येऊन बसे, डोक्यावरची भांड्यांची पाटी उतरवी, आणि मग जो व्यवहार सुरू होई त्यापुढे दोन संस्थानांमधील तहाच्या वाटाघाटीही बाळबोध ठराव्यात. पँट हातात घेतली की ती प्रथम उलटी करी. बैठक आणि गुडघे उजेडासमोर धरी. साडीचे दोन्ही काठ मुठींत पकडून एक हिसका देई आणि कापड कोणत्या स्वरात ओरडते ते ऐके. "ताई, ह्याच्यात चमचाबी बसत न्हाई," हे तिचे भरतवाक्य नव्हे, नांदी. त्यावर गृहिणीने "मग राहू दे" म्हणावे, बोहारणीने पाटी उचलण्याचा अभिनय करावा, गृहिणीने आतून आणखी एक सदरा आणावा (हा सदरा तिने आधीपासूनच दाराआड राखून ठेवलेला असे, आणि तो तसा ठेवलेला आहे हे बोहारणीला पाटी उतरवतानाच ठाऊक असे), आणि अखेर एका स्टीलच्या पातेल्यावर तह व्हावा. गाठोडे गल्लीच्या टोकाला वळले, की त्याचा आणि आपला संबंध संपला. त्याचे पुढे काय होते याची चौकशी करणे सभ्यतेत बसत नसे.

पुढे काय होते, हे अलीकडे थोडेफार उजेडात आले आहे. दिल्लीच्या पश्चिम भागातील रघुबीर नगरात, तांबडे फुटण्यापूर्वी, भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या मूळच्या गुजराती वाघरी कुटुंबांचा जंगी बाजार भरतो आणि घरोघरची गाठोडी तेथे सुटतात; धड मालाला टाके घालून, धुऊन, इस्त्री करून तो मजुरांच्या आणि खेड्यापाड्यांतील आठवडी बाजारांच्या वाटेला लागतो, आणि फाटका माल यंत्रे पुसण्याच्या चिंध्यांत जमा होतो. आजवर ही सारी रहदारी मागल्या दाराने आणि दबक्या आवाजात चाले. घेणाराही आपण जुने घेतले हे सांगत नसे, आणि देणाराही आपण जुने विकले हे मान्य करीत नसे. आता मात्र तोच कपडा पुढल्या दाराने, छायाचित्र काढून घेऊन, 'विंटेज' असे बिरुद मिरवीत परत येऊ लागला आहे. आणि त्याला हाताला धरून घरात आणणारी आहेत आमचीच मुले.

ही मुले श्रीमंत नाहीत, हे प्रथमच नमूद करणे न्यायाचे होईल. पुण्यास पेठांतून 'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या विद्यार्थ्याचा जमाखर्च मांडला, तर त्यात खाटेचे भाडे, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी, मोबाइलचा रिचार्ज आणि चहा या पाच बाबींनी वडिलांकडून आलेल्या रकमेचा फडशा पाडलेला दिसेल. वस्त्रप्रावरण ही बाब त्या खात्यात स्वतंत्रपणे मांडावी एवढी शिल्लकच उरत नाही. इकडे पोरांचे वय मात्र असे, की त्या वयात मनुष्य एक वेळ उपाशी राहील पण कालचाच शर्ट घालून मुलींच्या घोळक्यासमोरून जाणार नाही. आमच्या पिढीने हा पेच 'एकच चांगला शर्ट, रोज रात्री धुऊन' या तत्त्वावर सोडवला होता. आताची पिढी तो जुन्या बाजारात जाऊन सोडवते. मुंबईचा फॅशन स्ट्रीट आणि कुलाबा कॉजवे, दिल्लीचे सरोजिनी नगर, ही या संप्रदायाची मोठी क्षेत्रे. पुण्यास मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, जेथे पूर्वी आम्ही सायकलचे पॅडल, कुलपाची किल्ली आणि क्वचित चोरीस गेलेली आपलीच वस्तू शोधावयास जात होतो, तेथे आता हे तरुण यात्रेकरू कपड्यांच्या ढिगापुढे गुडघे टेकून बसलेले आढळतात.

आमची भाची नगरहून शिकण्यासाठी येथे आली आहे. वसतिगृहात राहते आणि रविवारी आमच्याकडे जेवावयास येते. रविवार हा तिने मामावरील प्रेमापोटी निवडला असावा अशी माझी समजूत होती; तो जुन्या बाजाराचा वार आहे हे सौभाग्यवतींनी निदर्शनास आणून दिले. एकदा भोजनोत्तर मीही तिच्याबरोबर गेलो, आणि ढिगातून कपडा काढण्याचे हे शास्त्र किती सूक्ष्म आहे ते पाहून थक्क झालो. ही मुले कपडा डोळ्यांनी निवडत नाहीत, बोटांनी निवडतात. हात ढिगात कोपरापर्यंत घालून, आकाशाकडे पाहत, ती नुसत्या स्पर्शावरून सुती, लोकरी आणि 'पॉली' वेगळे करतात. मग कपडा उलटा होतो, बगलेची शिवण तपासली जाते, चेन वर-खाली होते, आणि अखेरीस मानेजवळची पट्टी वाचली जाते. एक मुलगा निळ्या जीनपँटच्या मागल्या खिशावरील चिमुकली लाल पट्टी मोबाइलच्या विजेरीने न्याहाळत होता. भाचीने मला कारण सांगितले: लेव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचे पेटंट घेतले ते मजुरांच्या पँटी टिकाव्यात म्हणून, ही लाल पट्टी १९३६ साली आली, आणि तिच्यावरील नावात 'ई' हे अक्षर थोरले असेल तर ती पँट १९७१ पूर्वीची, धाकटे असेल तर नंतरची. इतिहासाच्या पेपरात ज्या मुलीला पानिपतच्या सनावळीने दगा दिला होता, तिच्या मुखातून ही बखर ऐकताना मला विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाची कीव आली.

विक्रेताही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"काय घेणार याचं?" त्या मुलाने विचारले.

"सातशे."

"सातशे? दादा, भोक आहे इथं."

"भोक आहे म्हणून तर विंटेज. बिनभोकाची पलीकडं बघा, अडीचशेला."

अर्थशास्त्राची पायाभरणीच हादरवणारे हे विधान त्या गृहस्थाने तंबाखू मळता मळता केले, आणि त्याहून नवल म्हणजे मुलाला ते सर्वस्वी ग्राह्य वाटले. पुढची घासाघीस तिघांच्या टोळीने चालवली. एकाने कपड्यावर लोभ दाखवावा, दुसऱ्याने त्याला दंडाला धरून ओढावे, आणि तिसऱ्याने आपण यांच्यापैकी नाहीच अशा चेहऱ्याने पलीकडील हातोडीची किंमत विचारावी, असा हा त्रिपात्री प्रवेश. आणि यातील एकाही पात्राला बोहारणीने आपल्या दारात उभे केले नसते, असे माझे प्रांजळ मत आहे. व्यवहार चारशेवर तुटला. दोन्ही पक्ष आपण फसवल्याच्या समाधानात होते.

ज्यांना ढिगात हात घालण्याची उमेद नाही, त्यांच्यासाठी हा बाजार मोबाइलमध्ये भरतो. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी माणसे आणि कपाटे समोरासमोर कोंडली गेली, आणि त्यातून इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणारी शेकडो दुकाने उगवली. त्यांचा 'ड्रॉप' म्हणजे नव्या मालाचे प्रकटीकरण, आणि त्याची वेळ आधी जाहीर झालेली असते. त्या घटकेला आमच्या भाचीसमोर ताट वाढलेले असले, तरी घास हातात तसाच राहतो. कारण प्रत्येक वस्तू एकच, आणि 'बुक्ड' असा शब्द ज्याने प्रथम लिहिला त्याची. मला यात विशेष भावले ते मालाचे वर्णन. एखाद्या निष्णात तलाठ्याने जप्तीच्या मुद्देमालाचा पंचनामा करावा तशी ती भाषा असते: छाती इतकी, लांबी इतकी, खांदा इतका, स्थिती दहापैकी आठ, डाव्या बाहीवर मनगटापासून दोन बोटांवर उडदाएवढा डाग, स्वतंत्र छायाचित्र जोडले आहे, एक बटण गहाळ, सबब किंमत कमी केली आहे. हयात महसूल खात्यात काढलेल्या माणसाला इतका निर्दोष पंचनामा पाहावयास मिळाला नव्हता. आमच्याकडे बटण गहाळ होई, ते पंचनामा झाल्यावर.

आता हा सर्व माल येतो कोठून? काही घराघरांतून, काही निर्यातीच्या कारखान्यांतून नाकारला जाऊन, आणि बराचसा समुद्रमार्गे. वापरलेले कपडे परवान्यावाचून देशात आणून विकण्यास आपल्या सरकारची मनाई आहे, आणि हे योग्यच, कारण देशी गिरण्या आणि शिंपी यांच्या पोटावर पाय नको. म्हणून चिंध्या म्हणून येणारा माल बंदरावरच कात्रीने फाडून, अंगात घालता येणार नाही असा करून, मगच आत सोडावा, असा दंडक आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या कांडल्याच्या मुक्त व्यापार क्षेत्रात विलायती कपड्यांच्या गाठी फोडून, प्रतवारी लावून, पुन्हा परदेशी धाडणारे कारखाने आहेत. या सगळ्या आवकजावकीत काही गाठी कात्रीची नजर चुकवतात आणि बाजारपेठांकडे वळतात, हे व्यापारात उघड गुपित आहे. ते येथे अधिक उघड करून मी भाचीचे रविवार धोक्यात आणू इच्छीत नाही.

जो माल कात्रीतून खरोखरच जातो, तो पानिपतला पोचतो. ज्या रणभूमीवर १७६१ साली मराठी साम्राज्याच्या चिंधड्या उडाल्या, तिच्याच परिसरात आज साऱ्या जगाच्या चिंध्या येऊन पडतात, त्यांचे धागे पिंजले जातात आणि त्या धाग्यांची घोंगडी विणली जातात, या योगायोगावर एखाद्या बखरकाराने पान खर्ची घातले असते. जुनी लोकर पिंजून पुन्हा कातण्याची ही युक्ती मूळची यॉर्कशायरमधील बॅटली गावच्या बेंजामिन लॉ या कापडवाल्याची, १८१३ सालची. ती इंग्रजांनी सोडून दिली आणि पानिपतने उचलली. तेथील कामकरी बायांवर मेघना गुप्ता यांनी २०१२ साली 'अनरॅव्हल' नावाचा लघुपट काढला आहे. त्यात गाठींतून निघणारे जवळजवळ कोरे कपडे पाहून त्या बाया विलायतेतील लोक असे का वागत असावेत याचा खल करतात, आणि तिकडे पाणी इतके महाग असावे की कपडे धुण्यापेक्षा टाकून देणेच परवडत असेल, असा निष्कर्ष काढतात. अर्थशास्त्राच्या कित्येक प्रबंधांपेक्षा मला हा सिद्धांत अधिक सुसंगत वाटतो. पाण्याचा उल्लेख निघालाच आहे म्हणून सांगतो: एका सुती टी-शर्टासाठी सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, हा आकडा असे जुने कपडे घेणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असतो; आमची भाची तो मला न्हाणीघराच्या बंद दाराआडून, नळ सोडलेला असताना, ओरडून सांगते.

वडीलधाऱ्यांची पहिली हरकत अर्थातच सोवळ्याची. "कोणाचं कोण जाणे, अंगावरचं काढलेलं, आणि तो माणूस आहे की गेला तेही माहीत नाही," असे माझी भगिनी फोनवरून दर रविवारी बजावते. ही शंका जागतिक आहे. घानातील अक्रा शहरी कांटामांटो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे, आणि तेथे येणाऱ्या विलायती कपड्यांना स्थानिक भाषेत मेलेल्या गोऱ्याचे कपडे असेच म्हणतात. जिवंत माणूस असले धडके कपडे टाकील हे तेथील लोकांना प्रथम पटलेच नाही. मुले या हरकतीला उकळते पाणी, डेटॉल आणि गच्चीवरील कडक ऊन यांनी उत्तर देतात, आणि ते पुरेसे आहे. शिवाय ज्या समाजात तान्ह्या मुलाला बारशापर्यंत नवे कापड घालू नये, कोणाचे तरी धुऊन मऊ झालेले जुनेच झबले घालावे, असा प्रघात होता, त्या समाजातील प्रत्येकाने या जगात पाऊल टाकले तेच मुळी पराव्या जुन्या कपड्यांत; तेव्हा सोवळ्याचा मुद्दा आम्ही फार ताणू नये हे बरे.

माझी स्वतःची हरकत निराळी आहे, आणि ती थोडीशी मत्सराची आहे. आमच्या लहानपणी शिंप्याला एकच आज्ञा मिळे: "वाढत्या अंगाचा शिवा." त्यामुळे पहिल्या वर्षी आम्ही सदऱ्यात राहावयास आल्यासारखे दिसत असू, दुसऱ्या वर्षी तो बरोबर होई, आणि तेव्हा तो फाटलेला असे. खांद्याची शिवण दंडावर, बाही बोटांच्या टोकांपर्यंत, या अवस्थेत वर्गात शिरताना जी लाज वाटे, तिच्यासाठी आता ही मुले जास्तीचे पैसे मोजतात आणि तिला 'ओव्हरसाइझ्ड' म्हणतात. अर्ध्या चड्डीच्या बैठकीवरील ठिगळे लपवण्यासाठी आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहावयाचे. यांच्या जाकिटावर ठिगळ मुद्दाम निराळ्या रंगाचे, निराळ्या दोऱ्याचे, आणि सर्वांना दिसेल असे. रफूगाराची सारी कला आपले काम दिसू नये यासाठी असे. आता दिसले नाही तर मजुरी वाया. अमेरिकेतील कर्ट कोबेन नावाच्या गायकाने १९९३ साली एका दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात जो विटका स्वेटर घातला होता, तो २०१९ साली लिलावात ३,३४,००० डॉलरला गेला. त्याचे एक बटण तुटलेले होते, त्याला सिगारेटचे भोक होते, आणि तो कधीही धुतलेला नाही ही बाब विक्रेत्यांनी गुण म्हणून नमूद केली होती. आमच्या मातोश्रींच्या हाती तो लागता, तर लिलावापूर्वीच त्याचे पायपुसणे झाले असते.

परंतु मत्सर बाजूला ठेवून पाहिले, तर यातील फरक कपड्यात नाही हे ध्यानात येते. आमचे ठिगळ आमच्यावर लादलेले होते. यांनी ते निवडले आहे. खिशात पैसे नसताना निवडीचा अधिकार शाबूत ठेवणे ही काही लहान करामत नव्हे, आणि ती या मुलांनी कोणाच्याही शिष्यवृत्तीवाचून साधली आहे. दुकानात टांगलेल्या नव्या शर्टाच्या किमतीपुढे मान खाली घालून बाहेर पडणारा मुलगा दरिद्री दिसतो. तोच मुलगा जुन्या बाजारात, हा माल आपल्या पसंतीचा नाही म्हणून, ताठ मानेने उठून जाऊ शकतो.

अर्थात या स्वातंत्र्यालाही दृष्ट लागू लागली आहे. ज्यांना गरज नाही तेही आता मोटारीतून येतात, घासाघीस न करता पैसे देतात, आणि भाव चढवून जातात. हा प्रकार असाच चालला, तर टंचाईतील विद्यार्थ्यांना नाइलाजाने नवे कपडे घ्यावे लागतील.

या संप्रदायाचे एक गूढ मात्र मला दीर्घकाळ उलगडत नव्हते. त्या रविवारी भाचीने ढिगातून एक जाड लोकरी कोट काढला. राखी, चौकटीचा, कोपरांवर कातड्याचे तुकडे लावलेला. आतल्या खिशात धोब्याची चिठ्ठी निघाली, तीवर कोरियन लिपीत काही लिहिलेले. पोरीच्या डोळ्यांत पाणी यावयाचे बाकी राहिले. घरी येईपर्यंत तिने त्या कोटाला एक आजोबा दिले होते. ते सेऊलला प्राध्यापक होते, त्यांना बुद्धिबळाचा नाद होता, आणि पत्नीच्या निधनानंतर त्यांनी तो कोट पुन्हा घातला नाही. मी सुचवले, की इतकीच आजोबांची ओढ असेल तर माझ्या कपाटात माझा बिस्किटी रंगाचा टेरीकॉटचा सफारी आहे. १९९१ साली अव्वल कारकुनाच्या जागेवर बढती मिळाली तेव्हा शिवला होता. त्या सुमारास बाहेर सफारीचे युग मावळतीला लागले होते, पण तहसील कचेरीत सूर्य नेहमीच उशिरा मावळतो. चार खिसे, खांद्यावर पट्ट्या, एकही टाका उसवलेला नाही.

"मामा, तो तुझा आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर फुकट देतोय."

"तसं नाही रे. तो घातला की मी तुझ्यासारखी दिसेन."

या उत्तरातच सारे शास्त्र साठवलेले आहे. कपडा जुना असून भागत नाही. तो परक्याचा जुना असावा लागतो. कोरियन आजोबांचे घोरणे, त्यांची बद्धकोष्ठाची तक्रार, त्यांनी वीजबिलावरून घातलेला वाद, यांपैकी काहीच त्या कोटाबरोबर आले नव्हते. आले होते केवळ त्यांचे अनुपस्थित मोठेपण. माझ्या सफारीच्या प्रत्येक खिशात मात्र मी हजर आहे. आपल्या घरातील जुने म्हणजे अडगळ आणि दुसऱ्याच्या घरातील जुने म्हणजे वारसा, हा न्याय कपड्यांपुरताच लागू आहे असेही नाही. पण तो विषय निराळा, आणि त्यात राजकारण येते.

या न्यायाला अपवाद एकच, तो आजीच्या साड्यांचा. त्या मात्र स्वतःच्याच आजीच्या लागतात. भाचीने माझ्या मातोश्रींजवळ हट्ट धरला, की जुन्या छायाचित्रात नेसलेली ती फुलाफुलांची खटाव व्हॉइल दे, तिचा मला शर्ट शिवायचा आहे. मातोश्रींनी फडताळाकडे बोट केले. तेथे रव्याचा स्टीलचा डबा होता. "ती बघ," म्हणाल्या, "झाकणासकट." सबंध साडीच्या मोबदल्यात आलेला तो डबा पोरीने बराच वेळ हातात फिरवून पाहिला. बोहारणीने डब्याबरोबर झाकण देण्याचे साफ नाकारले होते आणि त्यासाठी माझी एक हाफपँट वर द्यावी लागली होती, हा तपशील मातोश्रींनी तेव्हा प्रथमच उघड केला. ती हाफपँट हरवली म्हणून मी त्या काळी मार खाल्ला होता.

अलीकडे भाचीने स्वतःच असे दुकान मोबाइलवर थाटले आहे. भांडवल मैत्रिणींचे, इस्त्री आमची, आणि छायाचित्रासाठी आमच्या गॅलरीतली उत्तरेकडची भिंत, कारण तेथे ऊन अंगावर येत नाही. परवा तिने माझ्या परवानगीने सफारीचा कोट त्या भिंतीवर टांगला. पंचनामा माझ्या समक्ष झाला: छाती बेचाळीस, स्थिती दहापैकी नऊ, उजव्या खिशाच्या आत शाईचा जुना ठिपका, मूळ मालक निवृत्त सरकारी अधिकारी. अव्वल कारकुनाला अधिकारी म्हणण्यास माझी हरकत होती, पण ती मी तहकूब ठेवली. ड्रॉप रात्री आठला झाला आणि आठ वाजून पाच मिनिटांच्या आत नागपूरच्या कोणा मुलाने 'बुक्ड' लिहिले. पैसेही लगोलग जमा केले. माझा वाटा किती, याबद्दल आमची बोलणी चालू असतानाच त्याचा पुन्हा निरोप आला. आजोबांचा कोट अप्रतिम आहे, ते फार रुबाबदार गृहस्थ असावेत असे वाटते, आणि याच कापडाची पँट मिळाल्यास तो सबंध जोडीसाठी वाटेल ती किंमत देण्यास तयार आहे.

भाचीने मोबाइलवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिले. मी जमिनीवर मांडी घालून मटारच्या शेंगा सोलत बसलो होतो, आणि ती पँट, कमरेला शिंप्याने दोन वेळा सोडवून दिलेली, माझ्या अंगावर होती.

"मामा," ती म्हणाली, "जरा उठतोस? इकडे, उजेडात."